श्रीपाद दोड्डप्पांच्या तीन गायत्री

कुठल्याही यंत्राची तक्रार सांगा, श्रीपाद दोड्डप्पा आधी यंत्राकडे बघतच नाहीत. माणसाकडे बघतात. चष्मा कपाळावर, मान जराशी तिरकी, आणि नाकातून सुरू होऊन पोटात जाऊन संपणारा तो आवाज:

"काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय काय?"

आमच्या केरीतली बारकी पोरंसुद्धा ही नक्कल करतात. पण त्या दोन 'काय'मधला दुसरा खाली उतरवायला जमला पाहिजे. नाही जमला तर तो दोड्डप्पा होत नाही, पोलीस होतो.

केरी म्हणजे चार घरं, सुपारीच्या बागेला लागून. चारही हेगड्यांची, एकाच खापरपणजोबांच्या पोटची. त्यामुळे वडिलांपेक्षा मोठा दिसला की दोड्डप्पा, लहान दिसला की चिक्कप्पा, नातं मोजत बसायची गरज नाही. श्रीपाद दोड्डप्पा सगळ्यांत थोरले. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. शिरसीपासून घाटाच्या कडेपर्यंतचे फणस ते फळांवरून नाही, तारांवरून ओळखतात: "तो बघ, त्याच्यावरून देवळाची लाइन जायची. त्याच्या पलीकडचा, तो डॉक्टरांचा." त्यांच्या पोटऱ्यांवर जळवांचे इतके डाग आहेत की त्यांची बायको, भवानी दोड्डम्मा, म्हणते, "लग्नात हळद लावली ती कुठे लावली तेच कळलं नाही." तांब्याच्या तारा आणि ते एकाच वर्षी रिटायर झाले. पुढं दोन वर्षं त्यांनी सुपारी सोलली आणि घरातल्यांना हैराण केलं. मग खांबांवरून नवी बारीक काळी केबल आली, घरोघर टीव्हीच्या पाठीत खोचायच्या स्टिका आल्या, आणि दोड्डप्पांचा जीव पुन्हा जागेवर आला.

त्यांच्याकडे एक वही आहे. लोकांनी सांगितलेली 'काही नाही' ते तिच्यात उतरवून ठेवतात. एका घरी काही नाही म्हणजे रिमोट गुळानं चिकट झाला म्हणून राखेनं घासला होता. एका घरी काही नाही म्हणजे स्टिकचा चार्जर काढून जावयाच्या फोनला दिला होता आणि जावई कारवारला परत गेला होता. एका मास्तरांच्या घरी काही नाही म्हणजे खरंच काही नव्हतं, तेव्हा दोड्डप्पा दोन दिवस अस्वस्थ होते.

आणि त्यांची एक पद्धत आहे. स्टिक असो, डबा असो, आधी बंद करायचं, थांबायचं, मग चालू करायचं. किती थांबायचं? तर तीन गायत्री. घड्याळाकडे बघून थांबणारा माणूस घाई करतो, असं त्यांचं मत. एक गायत्री दहा सेकंद, तीन झाल्या की यंत्रातली शिळी वीज उतरते. गावातले निम्मे टीव्ही या गायत्रीवर चालतात, असं म्हटलं तरी चालेल.

तर हे गेल्या माघातल्या रविवारचं.

आमच्या दरीत मोबाइलला रेंज नाही. टेकडीवर कातळापर्यंत चढलं की एक काडी येते, तीही वारा असला तर. इंटरनेट एकाच घरी, गजानन चिक्कप्पांच्या. संध्याकाळी सगळी केरी त्यांच्या ओटीवर आपापला फोन घेऊन बसते. पासवर्ड मात्र चिक्कप्पा कुणाला सांगत नाहीत. फोन मागून घेतात, हाताचा आडोसा करून स्वतः टाकतात, परीक्षेत हुशार मुलं उत्तर झाकतात तसं. आम्हाला वाटायचं, कंजूषपणा.

त्यांची मुलगी मैत्रेयी अक्का चंडे वाजवते. यक्षगानातला, दोन काठ्यांनी बडवायचा चंडे, ज्याच्या आवाजानं समोरच्याच्या छातीतली हाडं हलतात तो. ती शिकायला लागली तेव्हा चिक्कप्पांनी महिनाभर जेवताना तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "वीणा आहे, गाणं आहे, जगात काय वाद्यं संपली? मुलीच्या जातीनं चंडे?" तिची आई, नागवेणी चिक्कम्मा, मात्र मुलीला रोज बसच्या वेळेला उठवत राहिली. आता अक्काचं लग्न होऊन ती होन्नावरला असते, आणि त्या रविवारी चार वाजता तिथल्या देवळाच्या सभागृहात पहिल्यांदाच मोठ्या मेळाबरोबर, म्हणजे यक्षगानाच्या नावाजलेल्या मंडळीबरोबर, वाजवणार होती. चिक्कम्मानं साडी काढून ठेवली होती. चिक्कप्पा "बघू, बागेत पाणी सोडायचंय" म्हणत होते, पण दाढी दोनदा केली होती.

आणि शनिवारी म्हैसूरला, केरीतल्याच गणपती चिक्कप्पांच्या सुनेला मुलगा झाला.

आनंद झाला. पाठोपाठ लक्षात आलं, सोयर. अकराव्या दिवसापर्यंत चारही घरांना. देवळात जायचं नाही, घरच्या देवालाही शिवायचं नाही. मैत्रेयी अक्का सासरची झाली, तिला काही नाही. पण तिच्या आईबापांना सभागृहाची पायरी बंद.

"बाळाला दोन दिवस थांबवलं नाही का रे कुणी?" चिक्कम्मा साडी परत पेटीत ठेवताना म्हणाली. मग स्वतःच जीभ चावली आणि बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

त्यावर अक्कानंच होन्नावरहून तोड काढली. कार्यक्रम यूट्यूबवर थेट दिसणार होता. टीव्हीवर लावा, मोठा दिसेल.

रविवारी दोनला चिक्कम्मानं टीव्ही लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: नेटवर्कशी जोडता आलं नाही.

दोड्डप्पांना बोलवायला कुणाला पाठवावं लागत नाही. चिक्कम्मा मागच्या दारात उभी राहून "भावोजीऽऽ" म्हणाली की पलीकडच्या टेकडीवरची गाय मान वर करते. ते आले. चष्मा कपाळावर.

"काय केलंत?"

"काही नाही, भावोजी."

"काही नाही म्हणजे काय काय?"

"अहो, खरंच नाही! काल रात्री चालू होतं. सकाळपासून हातसुद्धा लावला नाही. सोयर आहे, घरात सगळे नुसते बसून आहेत."

दोड्डप्पांनी टीव्ही तिरका केला, स्टिक उपटली, हातात धरली आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. ओठ हलत होते, आवाज नाही.

"अहो, हे काय?" भवानी दोड्डम्मा म्हणाली. त्यांच्यामागून ती आलीच होती. गंमत असेल तिथं ती येतेच.

दोड्डप्पांनी एक डोळा उघडला. "सोयर आहे. मोठ्यानं म्हणायची नसते. मनात म्हणतोय."

"मग संपली कधी ते आम्हाला कसं कळणार?"

"मध्येच बोललीस. आता पहिल्यापासून."

तीन मनातल्या गायत्री झाल्या. स्टिक खोचली. तीच अक्षरं. मग सेटिंग. मग ते जुनं नेटवर्क स्टिकला विसरायला लावलं. "जुनी ओळख विसरली की नवी नीट होते," ते म्हणाले. स्टिक विसरली. पण नवी ओळख करायला समोर कुणी नव्हतंच. यादी रिकामी.

"मारायरे," दोड्डप्पा म्हणाले, म्हणजे 'अरे बाबांनो', पण स्वतःशी. मग चिक्कप्पांचा फोन हातात घेऊन घरभर फिरले. माजघरात काही नाही. न्हाणीघराशी काही नाही. देवघराच्या उंबऱ्याशी गेले तेव्हा फोनवर एक बारीकशी रेघ उमटली आणि गेली. परत उमटली, परत गेली.

"डबा जिवंत आहे," त्यांनी जाहीर केलं. "पण घुसमटलाय. आत जाऊन बघायला पाहिजे."

सगळे उंबऱ्याकडे बघत जागीच थांबले. कारण नेटचा डबा देवघरात होता.

तो तिथं ठेवला होता दोड्डप्पांनीच. दाराच्या मागं दगडी कट्टा आहे, त्यावर देव ओळीनं बसतात, आणि ओळीच्या शेवटी डबा. जागा निवडली तेव्हा त्यांनी सगळ्यांना समजावलं होतं: तिथं इन्व्हर्टरचा प्लग आहे, धूर नाही, आणि पारोशा हातानं कुणी शिवत नाही. "अख्ख्या तालुक्यात इतका सोवळ्यातला डबा सापडणार नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. आता दार उघडं होतं, पण उंबऱ्यातून नुसतं दारच दिसत होतं. कट्टा त्याच्या मागं.

"कुणाची ही कल्पना?" दोड्डम्मा छताकडे बघत म्हणाली. "मी आपली विचारते."

"तू गप."

"मी गप्पच आहे. डबा पण गप्प आहे."

पावणेतीन झाले होते. चिक्कम्मानं पदर खोचला. "मी जाते आत. आंघोळ करते आणि जाते. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. पोरीचा चंडे आहे म्हणावं, नंतर काय ते प्रायश्चित्त दे."

"नागवेणी!" चिक्कप्पा इतक्या मोठ्यानं ओरडले की पाटावरचं मांजर उठून गेलं. मग आवाज खाली आला. "अण्णा, दुसरं काही करता येईल का बघा."

दोड्डप्पांनी डोकं खाजवलं. चारही घरं सोयरात. आत जायला सोयराबाहेरचा माणूस हवा, सोवळ्यातला हवा, आणि... "सकाळी पूजेला कोण आलं होतं?"

सुब्राय भट्ट. सोयर फिटेपर्यंत रोज सकाळी येऊन पूजा करायचं त्यांनी कबूल केलं होतं. ओढ्यापलीकडे राहतात. वय सत्तर, बोलणं सावकाश, आणि यंत्रातलं त्यांना घंटेपलीकडे काही कळत नाही.

चिक्कप्पांनी स्कूटर काढली. पाणी सोडायचं राहिलेली बाग तशीच राहिली. भट्टांना त्यांनी दुपारच्या झोपेतून उठवलं आणि मागं बसवून आणलं. म्हणजे सोयरातल्या माणसाच्या पाठीला चिकटून आले, तेव्हा आंघोळ आलीच. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी भट्ट विहिरीवर बसले आणि तांब्यातांब्यानं, मंत्र म्हणत आंघोळ करायला लागले.

"भट्टजी, बादली ओता ना सरळ!" चिक्कम्मा आतून.

"थंडी आहे हो. माघ आहे."

पावणेचारला ते ओल्या पंच्यानं, दात वाजवत देवघरात शिरले. दोड्डप्पा उंबऱ्यापासून दोन हात लांब पाट टाकून बसले. टेलिफोनच्या खांबावर चढलेल्या माणसाला खालून ओरडावं तसे ओरडायला लागले.

"आत गेलात?"

"गेलो."

"देवांच्या ओळीला शेवटी पांढरा डबा आहे. त्याला दोन शेपट्या."

"माहीत आहे की. सकाळीच पूजा केली त्याची."

दोड्डप्पा पाटावर पुढं सरकले.

"कुणाची?"

"डब्याची. दुसऱ्याच्या घरी पूजेला गेलं की यातला देव कुठला आणि डबा कुठला, असं विचारत बसायचं नसतं. देवांच्या ओळीत बसलाय, अंगात दिवा आहे. म्हटलं, असेल तुमच्या घराण्यातलं काहीतरी."

दोड्डप्पांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच पोटातून निघून नाकात संपला. "पाणी घातलंत?"

"छे! वायर आहे त्याला. अक्कल नाही का मला? गंध, कुंकू, अक्षता, एक जास्वंद."

"बरं. आता त्याच्यावर कुठले दिवे लागलेत ते सांगा."

"थांबा, आधी हंडा उचलू द्या."

"कसला हंडा?"

"तांब्याचा. कोपऱ्यात होता तुमच्याच. माझ्या घरी उंदीर देवांची फुलं पळवतात, म्हणून पूजा झाली की मी वर हंडा पालथा घालतो. इथं आता उद्यापर्यंत कुणी आत येणार नाही म्हणून मुद्दाम घातला. तुमचे देव लहान, सगळे मावले. डबा पण मावला, एक शेपटी जरा वळवावी लागली."

भवानी दोड्डम्मानं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलत होते. दोड्डप्पा मात्र भिंतीकडे बघत होते. "चौतीस वर्षं," ते म्हणाले, "चौतीस वर्षं तांब्यातून लोकांचा आवाज पोचवला, मारायरे. आणि आज त्याच तांब्यानं अडवून धरलं."

"उचलला," आतून आवाज आला. "गरम झालाय बिचारा."

"दिवे?"

"एक हिरवा. आणखी एक हिरवा. एक लाल."

"लाल?" दोड्डप्पा पाटावरून अर्धे उठले. "कितवा? लुकलुकतोय की ठाम आहे?"

"ठाम आहे. थांबा, बघतो... नाही, हा दिवा नाही. हे माझं कुंकू."

आता चिक्कप्पाही हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

हंडा उचलूनही फोन मुकेच होते, आणि गरम झालाय म्हटल्यावर दोड्डप्पांनी तो तसाच चालू ठेवणं शक्य नव्हतं. पाठीमागचं मोठं बटण दाबायला सांगितलं. "शेजारी एक बारीक भोक आहे, त्याला हात लावायचा नाही. त्यात काडी घालायची नाही."

"मी कशाला घालू काडी?"

"तुम्ही कुंकू लावलंत म्हणून सांगून ठेवतो. दाबलं? बंद झाला? आता तीन गायत्री, मग परत दाबा."

भट्टांना सोयर नव्हतं. त्यांनी मोठ्यानं म्हटली. आणि ते भट्ट होते, त्यांनी नीट म्हटली. आधी प्राणायाम, मग स्वर लावून, शब्द चावून, प्रत्येक ओळीला श्वास घेत. घड्याळात चारला सात मिनिटं. पहिली संपेपर्यंत पाच उरली.

"भट्टजी, लवकर!" चिक्कम्मा रडकुंडीला आली होती. "पोरगी वाजवायला लागेल हो!"

"गायत्रीला लवकर नसतं, अम्मा."

"दोन पुरेत!" दोड्डप्पा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. दोड्डम्मानं तर त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आजच्यापुरत्या," ते पुटपुटले. "आजच्यापुरत्या दोन पुरेत."

बटण दाबलं गेलं. आधी काहीच झालं नाही. मग ओटीवर, माजघरात, दोड्डम्माच्या कमरेला, सगळे फोन एकदम टुणटुणले. सकाळपासूनचे निरोप एकदम आत शिरले. म्हैसूरहून बाळाचे एकोणीस फोटो.

"बाळ नंतर!" चिक्कम्मा म्हणाली. त्या वेळी दारात पाहुणे आले असते तरी तिनं त्यांना बाहेर थांबवलं असतं.

स्टिकला नेटवर्क दिसलं. दिसलं आणि तिनं पासवर्ड मागितला. दुपारी ओळख विसरायला लावली होती ना.

सगळ्यांनी चिक्कप्पांकडे बघितलं. ते रिमोट घेऊन टीव्हीसमोर उभे राहिले, पडद्याला पाठ, तोंड आमच्याकडे. "तुम्ही जरा बाहेर व्हा."

"गजा, चार वाजले," दोड्डप्पा म्हणाले.

चिक्कप्पा वळले. पण आता आडोसा करायला फोन नव्हता, बत्तीस इंचाचा पडदा होता. बाणाचं बटण दाबत ते एकेक अक्षर शोधायला लागले. डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे. एक अक्षर मोठं होऊन चौकोनात जाऊन बसायचं. इंग्रजीत आधी मैत्रेयी. मग चंडे. मग ती आठवीत पहिल्यांदा क्लासला गेली ते साल.

म्हणजे जेवताना बोलत नव्हते ते साल.

चिक्कम्मानं नवऱ्याकडे बघितलं. दोड्डम्माच्या तोंडात नक्की काहीतरी तयार होतं, पण तिनं ते गिळलं. चिक्कप्पांचे कान मागून लालबुंद दिसत होते. "काय बघताय? लवकर लक्षात राहतं म्हणून ठेवला," ते पडद्याला म्हणाले.

जोडलं गेलं. मग स्टिक म्हणाली, नवी आवृत्ती आलीय, आत्ता घेऊ का. दोड्डप्पांनी रिमोट ओढून घेतला आणि 'नंतर'वर असा अंगठा दाबला की जणू खाली विंचू होता. एक गोल फिरला, फिरला, फिरला. आणि सभागृह दिसलं. भागवत, म्हणजे मेळाचे मुख्य गायक, गात होते, वेषधारी नाचत होता, आणि कडेला, मान खाली, दोन्ही हातांत काठ्या, मैत्रेयी अक्का. चालू होऊन आठ मिनिटं झाली होती.

"गेली," चिक्कम्मा खाली बसली. "सुरुवात गेली. सुरुवातीलाच ती एकटी वाजवणार होती. फोनवर मला सांगितलं होतं तिनं. तेवढंच बघायचं होतं मला."

देवघरातून भट्ट बाहेर आले, थंडीनं हात काखेत घेऊन. "लागलं का? मग रडताय कशाला?"

दोड्डप्पांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. आम्ही तो तिथं फार कमी वेळा बघितलाय. "नागवेणी, थांब. थेट असलं तरी ते मागं ओढता येतं." त्यांनी रिमोटचं बटण दाबून धरलं. पडद्याखालची लाल रेघ मागं सरकायला लागली. नाचणारा उलटा गिरक्या घेत आत गेला, काठ्या उलट्या उठल्या, भागवतांचं तोंड मिटलं.

"पण मग आपण मागं राहिलो," चिक्कम्मा डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे तिथं तिचं वाजवून झालं, आणि इथं व्हायचंय?"

"हो."

"मग आत्ता मी तिला देव भलं करो म्हटलं, तर पोचेल का?"

दोड्डप्पांनी विचार केला. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "म्हणून ठेव," ते म्हणाले. "वाया जाणार नाही."

तिनं म्हटलं. रेघ अगदी टोकाला गेली. रिकामा रंगमंच, मागं कुणीतरी सतरंजी झटकतंय. मग अक्का आली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांत अबोलीचा गजरा. चंडेला हात लावून तिनं नमस्कार केला.

"गजरा कुणी दिला असेल गं?" दोड्डम्मा म्हणाली. "सासूनं?"

"बारीक झालीय," चिक्कम्मा म्हणाली.

"ध्वनिक्षेपक जरा लांब ठेवलाय," दोड्डप्पा म्हणाले. "तो जर अर्धा हात..."

"गप्प बसा हो सगळे!" गजानन चिक्कप्पा म्हणाले. भट्टांना घोंगडी द्यायला उठले होते ते तसेच, घोंगडी हातात, खोलीच्या मधोमध उभे होते. "वाजवतेय ती."